चोपड्याहून सातपुड्यापार

सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपुरास निघालेला काफिला नंदुरबार, थाळनेर, चोपडा, साकळी असे मुक्काम करीत तापीच्या खोऱ्यातून पूर्वेस सरके, आणि फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच्या मुक्कामांच्या यादीतही चोपड्याचे नाव आहे, ही गोष्ट खुद्द चोपडेकरांच्याही सहसा बोलण्यात येत नाही. हा राजमार्ग सपाटीचा. परंतु ज्यास येथूनच उत्तरेकडे वळून, सातपुड्याचे निबिड अरण्य ओलांडून निमाडात उतरावयाचे असे, त्याची सिद्धता निराळी. पावसाळ्यात हिवताप आणि अनेरसारख्या नद्यांचे पूर, म्हणून प्रस्थान दसऱ्यानंतर. डोंगरवाटांवर गाडीचे चाक चालेना, म्हणून माल बैलांच्या पाठीवर, जोडगोणीत, दोन्ही अंगांचे वजन काटेकोर तोलून, कारण एक बाजू जड झाली की उतारावर बैलाची पाठ सोलवटलीच. आणि भिल्ल नायकांचा रखवालीचा हक्क तर खर्चाच्या हिशेबात दाणावैरणीच्याही आधी धरावा लागे. दप्तरांनी त्यास लूट म्हटले. मला तो जकातीहून फारसा निराळा वाटत नाही.

१८१८ नंतर कंपनी सरकारने नायकांस नेमणुका बांधून दिल्या, १८२५ पासून औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारून धरणगावी तिचे ठाणे केले. तथापि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे सरकारी फौजेस खाज्या नाईकाच्या भिल्लांशी लढावे लागले, आणि याच खाज्याकडे सेंधवा घाटाची राखण सरकारनेच सोपविली होती.