पाच खुर्च्यांची गोष्ट

संकेतस्थळाचे नाव लिहावे आणि ते नेमके उघडावे, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. या नावांचा नि क्रमांकांचा जगभर मेळ राखण्यासाठी १९९८ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, ‘आयकॅन’ ही संस्था निघाली. पण तिच्या कारभारात तुमच्याआमच्यासारख्यांनी कुठे बसावे?

२००० साली याचे धीट उत्तर दिले गेले. जगाचे पाच विभाग करून प्रत्येकातून एक संचालक सामान्य वापरणाऱ्यांनीच निवडावा, असे ठरले. सुमारे १,५८,००० जणांनी नावे नोंदविली. गंमत अशी, की गुप्त क्रमांक मात्र साध्या टपालाने घरी यायचा! शेवटी मत दिले सुमारे ३४,००० जणांनी. युरोपातून निवडून आला ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’चा जर्मन प्रवक्ता अँडी म्युलर-मागून. उत्तर अमेरिकेचे कार्ल ऑअरबाख तर असे खमके, की संस्थेची दप्तरे पाहायला मिळेनात म्हणून संचालक असूनही कोर्टात गेले आणि २००२ मध्ये जिंकले.

त्याच वर्षी संस्थेने ही निवडणूकच मोडीत काढली. एवढ्याशा मतदारांना जगाचे प्रतिनिधी कसे म्हणावे, हे कारण. ते अगदीच खोटे नव्हते. पण मतदार वाढविण्याचा धीर कुणी धरला नाही, हेही खरेच. पाच खुर्च्यांच्या जागी पंधरा जणांची सल्लागार समिती आली. तिचा माणूस संचालक मंडळात बसे, बोले. मत मात्र त्याला नव्हते. मताची एक खुर्ची मिळायला २०१० उजाडले. तीवर फ्रान्सचे सेबास्तियँ बाशोले बसले. त्यांना निवडणारे मतदार होते वीस.