शंभर तास, एक तृतीयांश सेकंद

फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. कुवेत सोडवण्याचं युद्ध चालू आहे. इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांपासून हवाई तळ वाचवायला अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या बॅटऱ्या, म्हणजे संच, उभे आहेत. हे यंत्र आजच्या अर्थाने ‘शिकणारं’ नव्हे. पण आकाशात दिसलं ते खरं की भास, याचा निवाडा तेच करतं. आज सरकारं कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवू पाहतात तेही हेच काम.

तास ० : २१ फेब्रुवारी, दुपारी उशिरा
‘अल्फा’ बॅटरी चालू झाली आहे आणि आता ती बंद व्हायची नाही. तिचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजतं. आपल्याला ०.१ हा आकडा सोपा वाटतो, पण संगणकाच्या द्विमान पद्धतीत तो लिहायला घेतला तर संपतच नाही. म्हणून २४ बिटांत मावतो तेवढा ठेवून बाकीची शेपटी कापली आहे. त्यामुळे तासाला सेकंदाच्या तीन-सहस्रांशाहून किंचित जास्त चूक साचते.

याच तारखेला अमेरिकेतून सगळ्या बॅटऱ्यांना संदेश जातो: यंत्र फार वेळ सलग चालवलं तर लक्ष्याचा हिशेब सरकू शकतो, सुधारित सॉफ्टवेअर येत आहे. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, याचा संदेशात पत्ता नाही.

तास ८
खरं तर आकडा ठाऊक होता. सलग आठ तासांत लक्ष्य शोधायचा पट्टा २० टक्के सरकतो, असं इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच कळवलं होतं. पण इतका वेळ कोण चालवतंय, असं लष्करी अधिकाऱ्यांनी गृहीत धरलं. पॅट्रियटची आखणी युरोपातल्या लढाईसाठी झाली होती: काही तास एका जागी थांबायचं, मग हलायचं. वाळवंटात ते चोवीस तास पहारा देत होतं.

चूक नेमकी कुठे होते? रडारला काही दिसलं की यंत्र वेग आणि वेळ घेऊन ती वस्तू पुढे कुठे असेल ते काढतं, आणि आकाशाच्या तेवढ्याच पट्ट्यात पुन्हा बघतं. सापडली तर लक्ष्य पक्कं. नाही सापडली तर भास समजून सोडून द्यायचं. आठव्या तासाला हा पट्टा ५५ मीटर सरकलेला असतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की घड्याळ शून्यावर येतं. त्याला लागतं एक ते दीड मिनिट.

तास २०
१३७ मीटर. इथून पुढे येणारं स्कड पट्ट्याबाहेरच राहणार. बॅटरी मात्र सज्ज म्हणूनच उभी आहे.

तास ४८ ते ७२
३३० मीटर, मग ४९४. मधल्या काळात, २४ तारखेच्या पहाटे, जमिनीवरची लढाई सुरू झाली आहे. या तासांत धाहरानच्या पॅट्रियटबद्दल सांगण्यासारखं काही नाही, म्हणून थोडं विषयांतर करतो.

संरक्षणात यंत्रबुद्धी नकोच, हे म्हणणं मला पटत नाही. काही मिनिटांत येऊन पडणाऱ्या क्षेपणास्त्राचा हिशेब माणसाने कागदावर करावा काय? पण ‘शेवटचा निर्णय माणसाचाच’ ही सरकारांची आवडती ग्वाही त्याहून पोकळ आहे. यंत्राने जे टाकूनच दिलं, त्यावर माणूस निर्णय कसला घेणार? उलटही होतं. २३ मार्च २००३ला कुवेतच्या तळाकडे परतणारं ब्रिटिश टोर्नाडो विमान पॅट्रियटने शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं. तिथे माणसं बसलेली होती. हातात मोजके क्षण होते, त्यांनी यंत्राचं ऐकलं. विमानातले दोघे गेले.

आणि धाहरानची चूक निदान एका अपूर्णांकाची होती, म्हणून सापडली. लाखो नमुन्यांवरून शिकलेल्या यंत्रात बोट ठेवावं अशी ओळच नसते. आपल्या संरक्षण मंत्रालयाने जुलै २०२२मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरची ७५ उत्पादनं लोकांपुढे मांडली. डिसेंबर २०२३मध्ये स्वायत्त शस्त्रांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं. राजनैतिक कारणं असतील. मला एवढंच पाहायचं आहे की कोणत्या परिस्थितीत, किती तासांनंतर या यंत्रावर विसंबू नये, हे खरेदीच्या करारात आकड्यांत लिहिलेलं आहे का, आणि ते तंबूत बसलेल्या जवानापर्यंत पोचतं का.

तास १०० : २५ फेब्रुवारी, रात्री साडेआठनंतर
घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशाने चुकलेलं. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त कापतं, त्यामुळे पट्टा ६८७ मीटर बाजूला. अल्फा बॅटरी एकही क्षेपणास्त्र सोडत नाही.

स्कड एका गोदामावर पडतं. तिथे सैनिकांची राहण्याची सोय केलेली आहे. २८ ठार. त्यांपैकी १३ जण पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गच्या राखीव तुकडीचे. पाणी शुद्ध करणारी तुकडी होती ती. सौदीत येऊन आठवडाही झाला नव्हता.

२६ फेब्रुवारी
सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोचतं. ते १६ तारखेपासून पाठवायला घेतलं होतं. युद्धाच्या वाहतुकीतून यायला दहा दिवस लागले. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या घटनेचा अहवाल दिला. त्याला तासागणिक घसरणीचा एक छोटा तक्ता जोडलेला आहे. वरचे मीटरचे आकडे त्यातलेच.