चिकन सँडविच आणि लग्नाचा वाद

1946 साली अटलांटाजवळच्या हेपव्हिल गावात ट्रुएट कॅथी यांनी भावाबरोबर एक छोटं उपाहारगृह काढलं. रविवारी कुलूप, हा नियम पहिल्यापासूनचा. पुढे त्यातूनच ‘चिक-फिल-ए’ची साखळी अमेरिकाभर पसरली, तरी तो नियम मोडला नाही.

जुलै 2012 मध्ये त्यांचे चिरंजीव आणि कंपनीचे प्रमुख डॅन कॅथी यांनी बायबलचा हवाला देत समलिंगी विवाहाला जाहीर विरोध केला, आणि भडका उडाला. बोस्टनच्या महापौरांनी पत्र लिहून आपली नापसंती कळवली. 1 ऑगस्टला समर्थकांनी दुकानांबाहेर लांबच लांब रांगा लावल्या. दोनच दिवसांनी समलिंगी जोडप्यांनी तिथेच चुंबनं घेऊन निषेध नोंदवला. सँडविच खाणं हीसुद्धा राजकीय भूमिका ठरली!

पण हा द्वेष होता का? नुसत्या मताला तसं म्हणणं घाईचं होईल. मात्र कंपनीशी निगडित प्रतिष्ठानाचा पैसा विवाहहक्काला विरोध करणाऱ्या संघटनांकडेही जात होता, आणि ज्याचं लग्नच अडलंय त्याने देणाऱ्याचं मन किती शुद्ध हे कशाला तपासावं? दुसरीकडे, शिकागोत एका नगरसेवकाने ‘चिक-फिल-ए’च्या दुकानाचा परवाना अडवायची भाषा केली, तेव्हा समलिंगींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या नागरी स्वातंत्र्य संघटनेनेच त्याला विरोध केला.

‘चिक-फिल-ए’वरच्या बहिष्काराच्या मोहिमेतले शेन विंडमायर हे समलिंगी कार्यकर्ते. डॅन कॅथींनी त्यांना स्वतः फोन केला, बोलणी वाढली, वर्षअखेरीस दोघांनी एकत्र फुटबॉलचा सामना पाहिला. कंपनीला या वादात ओढणं चुकलं, असं कॅथी 2014 मध्ये म्हणाले. लग्नाबद्दलचं मत मात्र तेच राहिलं.