बारा कामट्या

त्रिपुरी पौर्णिमा झाली की दारावरचा आकाशकंदील उतरवायचा, हा आपल्याकडचा रिवाज. कंदील चढवताना घरात जी धांदल उडते, तिचा उतरवताना मागमूसही नसतो. कागद फाटलेला, रंग उडालेला, झिरमिळ्या गळालेल्या, अशा अवस्थेत तो बापडा मुकाट्याने माळ्यावर किंवा परसात जाऊन पडतो. ज्याने आठ-पंधरा दिवस साऱ्या घराची शोभा वाढवली, त्याच्याकडे पुढे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या व्हरांड्यातला असाच एक कंदील मी उतरवीत होतो. मुलांनीच केलेला, चौकोनी पेटीचा साधा कंदील. दीड-दीड फुटाच्या बारा कामट्या आणि त्यांवर चिकटवलेला पतंगी कागद, एवढाच त्याचा संसार. सहावीतला एक मुलगा शिडी धरून उभा होता. कंदील खाली येताच तो म्हणाला, "गुरुजी, हा आता टाकणारच काय? मग मला द्या की."

"घेऊन जा," मी म्हणालो आणि ती गोष्ट विसरूनही गेलो.

नाताळात त्याने मला घरी बोलावले. त्याच्या आईने पुढे केलेल्या ताटात करंज्या होत्या, चकल्या होत्या, शंकरपाळ्या होत्या. दिवाळीचा फराळ महिन्या-दीड महिन्याने पुन्हा समोर यावा, तसे मला वाटले. दारावर पांढऱ्या कागदाची पाच टोकांची चांदणी लावलेली होती. आत दिवा होता. "ओळखला काय, गुरुजी?" मुलाने विचारले. मी निरखून पाहिले. कागदाआडच्या एका कामटीवर मी मापासाठी केलेली निळ्या शाईची खूण स्पष्ट दिसत होती!

मग त्याने मला हिशेब सांगितला. पेटीला कामट्या बारा. चांदणीला लांब कामट्या लागतात दहा. पाचांची एक चांदणी पुढे, पाचांची दुसरी मागे. दोन्ही टोकांना टोके जुळवून बांधायच्या. उरल्या दोन. त्यांचे सहा-सहा इंचांचे सहा तुकडे करायचे आणि आतल्या पाच सांध्यांपाशी दोन्ही चांदण्यांच्या मध्ये एकेक तुकडा ठेपणीसारखा बसवायचा, म्हणजे चांदणीला पोट येते. सहावा तुकडा उरतो. त्याला टांगण्याची दोरी गुंडाळलेली होती. एक काडीही वाया गेली नव्हती. दीड फुटाच्या कामटीवर दोन्ही टोकांपासून सात इंचांच्या किंचित अलीकडे खूण केली की सांधे आपोआप जमतात, हेही त्याने करून पाहून शोधले होते. भूमितीच्या तासाला हाच मुलगा खिडकीबाहेर पाहत बसायचा.

पुढच्या दिवाळीत त्याने तीच चांदणी शाळेत आणली. पांढरा कागद काढून केशरी आणि हिरवा लावला होता. आम्ही ती व्हरांड्यात टांगली. मुलांना घ्यायला आलेले एक पालक वर पाहून म्हणाले, "गुरुजी, नाताळचा कंदील दिवाळीत कशाला?" त्यांच्या स्वरात राग नव्हता; पण मुलगा जवळच उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. "छान दिसतो म्हणून," असे काहीतरी मी बोललो. ते उत्तर अपुरे होते, हे त्याला कळले आणि मलाही. पुढे मी सवडीने थोडे वाचले, थोडे शोधले. हा लेख म्हणजे त्या दिवशी न सुचलेले उत्तर आहे.

आपला आकाशदिवा जुना. कार्तिकात उंच जागी दिवा लावावा, असे धर्मनिबंध सांगतात. पितरांना परतीची वाट दिसावी, ही त्यामागची एक भावना. नाताळची चांदणी बायबलातल्या कथेतून आली. पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने येशूबाळाच्या घराची वाट दाखवली. एक दिवा जाणाऱ्यांसाठी आणि एक येणाऱ्यांसाठी. पण दोन्हींचे काम एकच. आभाळाच्या बाजूने माणसाला वाट दाखवणे! 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. आता तो इतका मराठी झाला आहे की त्याचे मूळ सांगितल्याखेरीज कोणाला परका वाटत नाही.

या सणाची आरास पहिल्यापासून श्रीमंती नव्हती. इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने येशूजन्माचा देखावा उभा केला. तेव्हा त्याने मागवले काय? गव्हाण, वाळके गवत, एक बैल आणि एक गाढव. जे कोणत्याही शेतकऱ्याच्या दारी मिळेल तेच! आज नाताळात घरोघर जो गोठा मांडतात, त्याच्या परंपरेत या देखाव्याला मोठा मान आहे.

चांदणीची कथा तर एका वसतिगृहातली आहे. जर्मनीतल्या निस्की गावी मोरावियन पंथाची शाळा होती. दूरदेशी धर्मप्रसाराला गेलेल्यांची मुले तेथे आईबापांवाचून राहत. तिथे भूमितीच्या अभ्यासाला जोडून कागदाच्या चांदण्या करण्याची रीत पडली. १८२१ साली शाळेच्या पन्नासाव्या वाढदिवसाला एकशेदहा टोकांची चांदणी तेथे झळकली. पुढे १८८० च्या सुमारास त्याच शाळेत शिकलेल्या पीटर व्हेरबेक याने अशा चांदण्या करून विकायला आरंभ केला. धंदा नंतरचा, आधी होती ती मुलांच्या हातांची करमणूक. तिकडे फिलिपाइन्समध्ये पाहावे, तर बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद यांचीच पंचकोनी चांदणी नाताळात घरोघर लागते. आपल्या बुरुडाने ती पाहिली, तर तो तिला परकी म्हणणार नाही.

नाताळच्या झाडाचेही तेच. व्हिक्टोरिया राणीचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे आहे, असे चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापले गेले आणि जर्मनीची ही चाल इंग्रजांच्या घराघरांत शिरली. तिथे ते झाड सूचिपर्णी. आपल्याकडे ते कुठून आणायचे? मग सुरूची फांदी आली, डब्यात माती भरून उभी राहिली. ज्याने पन्हाळ्यावरही कधी बर्फ पाहिले नाही, त्याने पिंजलेल्या कापसाचे बर्फ केले! रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून, कडीत कडी अडकवून, खळीने चिकटवलेल्या साखळ्या तर गणपतीच्या मखराला, शाळेच्या संमेलनाला आणि नाताळच्या झाडाला सारख्याच शोभतात.

आमच्या कोल्हापुरात मिशनचे काम सुरू झाले ते १८५२ च्या अखेरीस, अमेरिकेतून आलेल्या रॉयल विल्डर यांच्यामुळे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली याच गावी जन्मला. शहरातले विल्डर मेमोरियल चर्च आजही ते नाव सांगते. पुढे शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी करवली, तीत ख्रिस्ती मुलांचेही वसतिगृह होते. मराठी ख्रिस्ती माणसाने आपली भाषा, आपले भजन-कीर्तन टाकू नये, असा आग्रह रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी धरला. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण मराठी बाणा सोडला नाही. मला वाटते, त्या ताटातल्या करंज्या आणि दारावरच्या त्या कामट्या टिळकांचेच म्हणणे न बोलता सांगत होत्या.

मुलांनी घरी आरास करायची म्हटली, तर फार काही लागत नाही. मैद्याची खळ शिजवावी. पूर्वी कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. तो विषारी, म्हणून मुलांच्या हाती नको. खळ ताजीच करावी. कागद जरासा ताणून चिकटवावा आणि आतली हवा कोंडू नये म्हणून मागच्या बाजूला एक फट मोकळी ठेवावी. दिवाळीच्या किल्ल्यावरची कुंभाराची चित्रे जपून ठेवावीत. किल्ल्यावरची गाय गोठ्यात बसते, धनगर तर मेंढपाळ म्हणून अगदी चपखल शोभतो. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी किल्ल्यावरची गवळणसुद्धा घागर डोक्यावर घेऊन बाळाच्या दर्शनाला आलेली मी पाहिली आहे!

आता बाजारात प्लॅस्टिकचे कंदील मिळतात, घडी घालून ठेवता येतात, चांदण्याही मिळतात. वेळ नाही त्याने ते घ्यावेत. त्यात पाप नाही. पण एक फरक मनात राहतो. विकतच्या कंदिलातून दुसरा कंदील निघत नाही. त्याचा साचा ठरलेला. तो मोडला की कचरा. कामटीचे तसे नाही. तिची गाठ सोडता येते, पुन्हा बांधता येते. ती पेटी होते, चांदणी होते, उन्हाळ्यात तिचा पतंग होतो. तिच्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते. गरिबीने शिकवलेली ही काटकसर आहे खरी. पण एकाच्या सणातले उरलेले दुसऱ्याच्या सणाला कामी यावे, ही सोयही तिच्यातूनच निर्माण झाली.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. यंदाही आमच्या वर्गाने कंदील केला आणि मी मुद्दाम बारा कामट्या समान मापाच्या घ्यायला लावल्या. ते पालक पुन्हा कधी भेटले आणि तोच प्रश्न त्यांनी विचारला, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. मी त्यांना एवढेच म्हणेन, "कामट्या मोजून पाहा."