गुरूचे गुरुकुल

आपल्या मुलास कोणत्या महाविद्यालयात घालावे याचा विचार करणारे पालक तेथील प्राध्यापकांच्या नावांपुढील अक्षरे वाचतात आणि ती कोणत्या विद्यापीठाने दिली हेही न्याहाळतात. ही चौकशी नवी नव्हे. बृहदारण्यकोपनिषदात तीन ठिकाणी ‘वंश’ दिले आहेत. पण ते राजांचे नव्हेत. कोणास कोणापासून विद्या मिळाली, याची ती नामावळी आहे. शिकविणारा स्वतः कोठे शिकला हे विचारणे आपल्या पूर्वजांस गैर वाटत नव्हते, हे त्यावरून उघड होते. प्रश्न एवढाच की, त्या चौकशीतून नेमके काय कळते? पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या इतिहासात या प्रश्नावर प्रकाश टाकणारी दोन चरित्रे शेजारी शेजारी आढळतात. आणि योग असा की, दोघेही कोकणपट्टीतले व दोघांचेही जन्मवर्ष 1876.

पहिले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीनजीकच्या मुर्डी गावचा हा मुलगा फर्ग्युसनमध्ये शिकला, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेला आणि 1899 साली सीनिअर रँग्लर झाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. 1902 साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. देशी माणसांनी 1885 साली उभारलेल्या त्या संस्थेस केंब्रिजच्या नावाने मोठी प्रतिष्ठा लाभली, यात संशय नाही. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. केंब्रिजला जाण्यापूर्वीची त्यांची तयारी झाली होती ती याच फर्ग्युसनमध्ये. बाहेरच्या कीर्तीचे बीज घरच्याच मातीत रुजले होते.

दुसरे धर्मानंद कोसंबी. त्यांचे गाव गोव्यातील सांकवाळ. याच गावातून धर्मांतराच्या संकटकाळी श्रीविजयादुर्गा केरीस आणि श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंगास गेले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोसंबींनीही विद्येसाठी गाव सोडले. 1899 च्या अखेरीस ते निघाले; पुणे, ग्वाल्हेर असे करीत काशीस पोहोचले, तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि बुद्धाच्या धर्माचा शोध घेत नेपाळमार्गे सिंहलद्वीपी गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले. पदवी म्हणावी अशी कोणत्याही विद्यापीठाची एकही त्यांच्यापाशी नव्हती.

अशा मनुष्याची पारख कोणी केली? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा 50 रुपयांचे वेतन दिले, आणि कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी ते स्वीकारले. पुढे 1910 साली ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनकार्यासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस पाचारण केले. मूळ संपादक वॉरन निवर्तले होते. त्यांचे अपुरे काम तडीस नेण्यास जाणता माणूस हवा होता. 1912 साली कोसंबी फर्ग्युसनमध्ये पालीचे प्राध्यापक झाले. त्या वेळी प्राचार्यपदी परांजपेच होते. केंब्रिजचा रँग्लर आणि पदवीवाचूनचा पंडित एकाच छत्राखाली शिकवीत होते! कोसंबींपाशी तेथे पाली शिकलेले पु. वि. बापट पुढे स्वतः बौद्धविद्येचे मान्य पंडित झाले, आणि 1956 साली बुद्धाच्या परिनिर्वाणास अडीच हजार वर्षे झाल्याच्या निमित्ताने निघालेल्या ग्रंथाचे संपादन त्यांच्याकडे आले.

यावरून पदवी निरर्थक ठरते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावळेपणा होईल. कोसंबींपाशी पदवी नव्हती. गुरुकुल मात्र होते, आणि ते अव्वल दर्जाचे होते. सुमंगलाचार्यांच्या हाताखाली झालेली घडण हीच त्यांची खरी सनद. म्हणजे प्राध्यापक कोठे शिकला, या प्रश्नास अर्थ आहेच. मात्र ‘कोठे’ याबरोबर ‘कोणापाशी’ आणि ‘काय’ हेही विचारले पाहिजे. विद्यापीठाचे नाव ही साक्ष होय, निवाडा नव्हे. ती साक्ष तपासण्याचे साधन आणखी एक आहे: त्या अध्यापकाच्या हातून कोणते शिष्य घडले?

गोमंतकास या विचाराचे अगत्य विशेष आहे. मुक्तीपूर्वी वैद्यकासारखा अपवाद सोडला तर उच्च शिक्षणासाठी आमच्या मुलांस मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठावे लागे. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि लगेच 1962 साली पणजीस धेंपे व मडगावास चौगुले महाविद्यालय निघाले. गोवा विद्यापीठ तर 1985 सालचे. प्रारंभीच्या या महाविद्यालयांतील अध्यापकांनी आपल्या पदव्या बहुधा गोव्याबाहेरून आणलेल्या असणार, हे ओघानेच आले. त्यांच्या पदव्यांवरून जितके कळले असते, त्याहून अधिक त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेल्या पिढीवरून कळते.

मुलाची उमेदीची तीन-चार वर्षे आणि घरची पुंजी ज्यांस पणास लावावयाची आहे, त्या पालकांस आमचे सांगणे एवढेच. प्राध्यापकाचे गुरुकुल अवश्य विचारा. पण तेवढ्यावर थांबू नका. तो आज काय वाचतो, काय लिहितो आणि गेल्या दहा वर्षांत त्याचे विद्यार्थी कोठवर पोहोचले, हेही जाणून घ्या. उपनिषदातील वंशात गुरूच्या वरची नावे आहेत, तशी खालचीही आहेत. शिष्यावाचून वंश खुंटतो, हे त्या नामावळीचे मर्म होय.