एक वाजून शून्य सेकंद

गुरुवार, १५ जुलै २०२१

महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा निकाल उद्या दुपारी एक वाजता ऑनलाइन लागणार, असं जाहीर झालं. कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती. नववीचे ५० गुण, दहावीतल्या वर्षभराच्या लेखी कामाचे ३० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० अशी बेरीज करून निकाल तयार केला होता. परीक्षा नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांना आपला बैठक क्रमांकच ठाऊक नव्हता. तो शोधायची सोय केली होती, पण तीही ऑनलाइनच.

मुलं सुमारे १६ लाख, संकेतस्थळं दोन, वेळ एक. नृसिंहवाडीतला मुलगा असो की गडचिरोलीतली मुलगी, सगळ्यांचं बोट उद्या त्याच मिनिटाला त्याच दोन पत्त्यांवर पडणार होतं. पूर कधी येणार हे आदल्या दिवशी इतकं नेमकं क्वचितच कळतं.

मंडळाच्या सर्व्हरच्या पोटात काय होतं, हा या घटनाक्रमाचा विषय नाही. अशा गर्दीत लिनक्सवर चालणाऱ्या कुठल्याही सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, जे घडतं, ते त्या दिवसाच्या घड्याळावर ठेवून पाहू.

शुक्रवार, १६ जुलै, दुपारी १२.३०

निकालाला अर्धा तास आहे, पण धीर कुणाला असतो? पान उघडून ठेवायचं, अधूनमधून ताजं करायचं, ‘लागला का?’ म्हणून मित्राला विचारायचं आणि पुन्हा ताजं करायचं.

यातल्या प्रत्येक स्पर्शातून काही पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, निघतात. ती सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर पोचली की कार्ड ती थेट मेमरीत ठेवतं. त्यासाठी कर्नलने आधीच खण मांडून ठेवलेले असतात. शेवटच्या खणानंतर पुन्हा पहिला येतो, म्हणून या मांडणीला रिंग म्हणतात. बऱ्याच कार्डांवर मुळात २५६ किंवा ५१२ खण असतात. पॅकेट ठेवलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं, ‘आलंय, उचल.’ ही हाक म्हणजे इंटरप्ट. साडेबाराला हे सगळं सुरळीत चाललेलं असतं.

१२.५९

हाका वाढतात. इथे जुन्या कर्नलांची एक खोड सांगायला हवी. प्रत्येक पॅकेटमागे एक इंटरप्ट आणि इंटरप्टला सगळ्या कामांच्या वरचा मान, अशी जुनी रीत होती. पॅकेटं विरळ असली की ती उत्तम चालते. पण साध्या गिगाबिट तारेवरून सर्वांत लहान पॅकेटं सेकंदाला जवळजवळ १४ लाख ८८ हजार येऊ शकतात. त्या वेगाला प्रोसेसर नुसता दाराशीच धावत राहतो. आत घेतलेलं पॅकेट पुढच्या रांगेत पडून राहतं, ती रांग भरली की फेकलं जातं. प्रोसेसर शंभर टक्के कामात असतो आणि बाहेर काहीच पडत नाही. जेफ्री मोगल आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. या अवस्थेचं नाव रिसीव्ह लाइव्हलॉक. यंत्र मरत नाही, आणि म्हणूनच रोग ओळखायला वेळ लागतो.

त्यांचा उपाय असा: पहिली हाक ऐका, मग हाका बंद करा आणि आपल्या सवडीने रिंगेकडे जाऊन ठरावीक संख्येने पॅकेटं उचला. लिनक्समध्ये हीच वाट पुढे नॅपी या नावाने आली. एका फेरीत साधारण ३०० पॅकेटं, मग बाकीच्या कामांना पाळी. तेवढ्यात रिंग भरली तर कार्ड नवीन पॅकेटं दाराबाहेरच टाकतं, प्रोसेसरचा क्षणही खर्च न करता. निर्दय वाटेल, पण याहून स्वस्त नकार यंत्राकडे नाही.

१.००.००

निम्म्या मुलांनी पहिल्या मिनिटात एकदाच कळ दाबली असं धरलं तरी सेकंदाला १३ हजारांहून जास्त नव्या जोडण्या होतात. घरातले काका, मावशी, क्लासवाले सर यात धरलेले नाहीत.

नवी जोडणी तीन पावलांत होते. फोन ‘सिन’ पॅकेट पाठवतो, सर्व्हर ‘सिन-ॲक’ने होकार देतो, फोन ‘ॲक’ने तो पक्का करतो. पहिल्या पावलानंतर जोडणी अर्धवट जोडण्यांच्या रांगेत बसते, तिसऱ्यानंतर पक्क्या जोडण्यांच्या रांगेत जाते. निकाल शोधून देणारा प्रोग्राम या दुसऱ्या रांगेतून एकेक जोडणी उचलतो. या रांगेची कमाल लांबी लिनक्समध्ये वर्षानुवर्षं मुळात १२८ होती. नोव्हेंबर २०१९ मधल्या ५.४ आवृत्तीने ती ४०९६ केली, पण २०२१ मध्ये जुन्या कर्नलवर चालणारे सर्व्हर असंख्य होते. प्रोग्रामने क्षणभर पाठ फिरवली, तर सेकंदाला १३ हजार या वेगाने १२८ जागा भरायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

रांग भरल्यावर आलेला शेवटचा ‘ॲक’ कर्नल गुपचूप टाकून देतो. फोनला होकार मिळालेला असल्याने त्याला वाटतं, आपण आत आलो. तो बैठक क्रमांक पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. पडद्यावर गोल फिरत राहतो. मुलाला नकार मिळालेला नाही आणि प्रवेशही मिळालेला नाही.

१.००.०१, १.००.०३, १.००.०७

ज्यांच्या पहिल्याच ‘सिन’ला उत्तर आलं नाही, त्यांचा फोन एक सेकंदाने पुन्हा दार ठोठावतो. मग आणखी दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल असतं, त्यामुळे नृसिंहवाडीतला फोन आणि नाशिकचा फोन एकच शिस्त पाळतात. एकाच क्षणी निघालेले पुन्हा एकाच क्षणी परततात.

तरी या दुप्पट होत जाणाऱ्या थांबण्यातच शहाणपण आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेपासून चारशे यार्डांवरच्या कॅलिफोर्निया विद्यापीठापर्यंतचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. हरवलेली पॅकेटं यंत्रं पुन्हा पुन्हा पाठवत सुटली होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यानंतर या जोडण्या सांभाळणाऱ्या टीसीपी या नियमावलीला गर्दी ओळखून मागे सरायला शिकवलं.

यंत्रं शिकली, बोट शिकलं नाही. पान ताजं करण्याची कळ दाबली की जुनी जोडणी सोडून नवी सुरू होते आणि थांबण्याचा सगळा हिशेब पुन्हा एका सेकंदावर येतो.

१.०५

नृसिंहवाडीच्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. इथे पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा दुथडी असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरत नाही. फुगवटा मागे सरकतो आणि कृष्णेपासून दूर असलेल्या शिवारांत पाणी चढतं. सर्व्हरमध्येही तुंबण्याची सुरुवात बहुधा सगळ्यात शेवटी होते, माहिती साठवलेल्या डेटाबेसपाशी. तो मंदावला की प्रोग्राम अडतो, प्रोग्राम अडला की पक्क्या जोडण्यांची रांग भरते, मग अर्धवट जोडण्यांची. सगळ्यात पुढचं दार मात्र उघडंच असतं.

मग रांगच लांब का करू नये? हा प्रश्न हमखास येतो आणि उपाय म्हणून अनेकदा अमलातही येतो. जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच त्याचा निकाल लावला होता. साठवण अमर्याद असली तरी गर्दीत जाळं कोलमडतंच, कारण पॅकेटाची पाळी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते, असं त्यांनी दाखवलं. माणसांचंही तसंच आहे. रांगेत सर्वांत पुढे असलेली विनंती सर्वांत जुनी, म्हणजे जिच्या मालकाने केव्हाच कंटाळून पान ताजं केलं ती. प्रोग्राम तिचा निकाल इमानदारीने शोधतो, पान बांधतो, पाठवायला जातो तर पलीकडे कुणी नाही. तो मुलगा आता रांगेच्या शेपटाला उभा आहे, आणि त्याची पाळी येईल तेव्हा तोही तिथे नसेल.

कर्नल खूप टाकून देतं ही तक्रार मला पटत नाही. दाराशी दिलेला नकार फुकट असतो. अर्धं काम करून दिलेला नकार रांगेतल्या दुसऱ्या कुणाची तरी पाळी खातो.

दुपारी २ ते संध्याकाळ

दोन्ही संकेतस्थळं तासन् तास उघडत नव्हती. वाहिन्यांवर ‘क्रॅश’ हा शब्द फिरत होता. निकालाची टक्केवारी मात्र सगळ्यांना पाठ झाली होती: राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, कोकण १०० टक्के, शंभर टक्के गुण मिळवणारे ९५७. स्वतःचे गुण सोडून सगळं कळत होतं. एरवी अशा आकड्यांवर पेढे वाटले गेले असते. शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चौकशीचे आदेश निघाले.

या प्रकारच्या कोंडीची एक खूण ध्यानात ठेवावी. ती सुटते ती बहुतेकदा लोक कंटाळून उठल्यावर. त्यामुळे ‘आता दुरुस्त झालं’ असं म्हणणाऱ्याला, काय दुरुस्त केलं, हे जरूर विचारावं.

२० ते २६ जुलै

अकरावीच्या प्रवेशासाठीच्या सीईटी या परीक्षेचे ऑनलाइन अर्ज २० जुलैला सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी तांत्रिक अडचणींमुळे ते संकेतस्थळ बंद ठेवावं लागलं आणि २६ तारखेला पुन्हा उघडलं. मधल्या दिवसांत नृसिंहवाडीच्या शिरोळ तालुक्यात अर्ज भरण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती आणि वाडी पाण्यात होती. पुढे १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती सीईटीच रद्द केली.

३ ऑगस्ट, दुपारी ४

बारावीचा निकाल लागला. या वेळी मंडळाने दोनाऐवजी बरेच पत्ते दिले, त्यांत एमकेसीएल आणि एनआयसी या संस्थांच्या यंत्रणांवरचेही होते. एकच रांग लांबवण्यापेक्षा वेगवेगळ्या दारांशी वेगवेगळ्या रांगा लावणं कधीही बरं, आणि पुढच्या वर्षांत डिजिलॉकरची भर पडली ती याच वाटेने. गुण एकदा ठरले की बदलत नाहीत, त्यामुळे प्रत्येक विनंतीला डेटाबेस हलवायचं कारणच नाही. आदल्या रात्री पानं बांधून ठेवता येतात. विभागवार वेळा देणं तर त्याहून सोपं. कोकण एकला, कोल्हापूर सव्वाला, पुणे दीडला.

त्यानंतर दहावीचा निकाल १७ जून २०२२, २ जून २०२३, २७ मे २०२४ आणि १३ मे २०२५ या दिवशी लागला. चारही वेळा सबंध राज्यासाठी, दुपारी एक वाजता.