हनु, मती आणि एक फसवे विशेषण

आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांचा खालच्या जबड्यातील एक दात काढावा लागला. त्यानंतर ओठाची एक बाजू व हनुवटी बधिर झाली. दंतवैद्याच्या चिठ्ठीवर 'मेंटल नर्व्ह' असे शब्द होते. गृहस्थ दर शनिवारी मारुतीच्या देवळात तेल घालणारे, तेथूनच ते थेट आमच्याकडे आले आणि चिठ्ठी पुढे करून म्हणाले, "डॉक्टरांनी मला वेडा ठरविले आहे काय?" जवळ बसलेली मंडळी हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही. इंग्रजी शिकलेल्या मनुष्यास त्या शब्दाचा दुसरा अर्थ तरी कोठून ठाऊक असावा?

लॅटिन भाषेत 'मेन्स' म्हणजे मन आणि 'मेंटुम' म्हणजे हनुवटी. दोन्ही शब्दांना एकच प्रत्यय लागला आणि दोहोंपासून 'मेंटल' हे एकाच रूपाचे विशेषण तयार झाले. रूप एक असले तरी त्यांचे कूळ एक नव्हे. 'मेन्स' हा आपल्या 'मती' शब्दाचा सख्खा भाऊ. 'मनन', 'मन', 'मंत्र' ही सारी त्याच धातूची संतती होय. 'मेंटुम'च्या मुळाशी मात्र पुढे येणे, उंच उठणे हा भाव असून पर्वतवाचक लॅटिन शब्दाशी त्याचे नाते सांगतात. चेहऱ्याचा पुढे आलेला भाग, म्हणून मेंटुम.

मग आपल्या 'हनु'चे आप्त कोण? ग्रीकांचा जबडावाचक 'गेनुस' आणि इंग्रजांचा साधा घरगुती शब्द 'चिन'! हे नाते भाषाशास्त्रात मान्य झालेले आहे. जिभेला हनुवटीशी जोडणाऱ्या स्नायूचे 'जीनियोग्लॉसस' हे नाव याच ग्रीक घराण्यातून आले. म्हणजे इंग्रज मनुष्य घरात हनुवटीला आपल्या 'हनु'च्या बहिणीच्या नावाने हाक मारतो आणि दवाखान्यात शिरताच तिला मनाच्या पंगतीस नेऊन बसवितो.

आमच्याकडे हा घोटाळा उद्भवला नाही. अमरकोशाने ओठाखालचा भाग तो 'चिबुक', गाल ते 'गंड' व 'कपोल', आणि त्यांच्यापलीकडे 'हनु', अशी नीट विभागणी केली आहे. पुढे मराठीने हनुपासून 'हनुवटी' घडविली आणि चिबुकाचे स्थान तिला दिले, ही किंचित सरमिसळ झाली खरी. पण मनाचा तिच्याशी संबंध आला नाही. चरकाने वातव्याधींत वर्णिलेल्या 'हनुग्रहा'त तोंड उघडे तरी राहते किंवा मिटलेले तरी. 'उन्माद' हा मनाचा विकार त्याने स्वतंत्र अध्यायात घेतला. सुश्रुताने निखळलेल्या हनुसंधीस शेक देऊन, अस्थी जागी बसवून 'पंचांगी' बंध बांधावा असे सांगितले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार केल्सुस यानेही निखळलेल्या जबड्याचे वर्णन करताना 'मेंटुम' हाच शब्द योजिला आहे. त्याच्या काळी त्यात कोणास मन दिसले नसते. घोळ पुढे विशेषणाने केला.

आधुनिक शरीरशास्त्रात नावांची इतकी गर्दी झाली की १८९५ साली बाझल येथे विद्वानांनी सुमारे ५०,००० प्रचलित नावांतून सुमारे ५,५०० निवडून काढली. त्यानंतर १९५५ साली पॅरिसमध्ये पुन्हा शुद्धीकरण झाले. या साऱ्या चाळणीतून हनुवटीचे हे विशेषण सहीसलामत सुटले. लॅटिन जाणणाऱ्यांना त्यात अडचण वाटली नसावी. अडचण आली ती लॅटिन न जाणणाऱ्या जगाला. फ्रेंचांनी व पोर्तुगीजांनी शहाणपणा केला. त्यांनी हनुवटीसाठी 'मेंतोनिए', 'मेंतोनियानु' अशी वेगळी रूपे चालविली. ब्राझीलच्या शरीरशास्त्रात तर 'मेंतुआल' असे एका स्वराने निराळे रूप आहे.

आम्हा गोवेकरांना याचे विशेष वाटते. पणजीची वैद्यक-शल्य शाळा १८४२ साली स्थापन झाली आणि तेथील शिक्षण पोर्तुगीजमधून होत असे. १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६३ साली, तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि इंग्रजी ही अध्यापनाची भाषा ठरली. तिच्याबरोबर हे दुतोंडी विशेषणही आमच्या दवाखान्यांत रुळले.

ज्या मज्जातंतूवरून आमचे गृहस्थ घाबरले, तो खालच्या जबड्याच्या हाडातून येतो आणि उपदाढांच्या खाली असलेल्या एका लहानशा छिद्रातून बाहेर पडून ओठाला व हनुवटीला स्पर्शज्ञान देतो. दात काढताना त्यास धक्का लागला तर तो भाग बधिर होतो. बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी संवेदना परतते. परंतु दाताचे कोणतेही निमित्त नसता हनुवटी बधिर झाली तर ते क्वचित शरीरात अन्यत्र लपलेल्या कर्करोगाचे चिन्ह असते. सर चार्ल्स बेल यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या बाबतीत १८३० च्या सुमारास हे नोंदविले होते. अशा रुग्णाच्या कागदावरील शब्दाचे भाषांतर कोणी 'मानसिक' असे करून ठेवले, तर पुढील अनर्थ किती मोठा! घाईच्या भाषांतरात 'मानसिक छिद्र' असा प्रयोग सहज होऊन जातो. मनाला छिद्र कसे असेल, असा प्रश्न लिहिणाऱ्यास पडत नाही.

गृहस्थांना हे सारे सांगता सांगता आम्ही मारुतीपर्यंत आलो. सूर्याला फळ समजून झेपावलेल्या बालकावर इंद्राने वज्र टाकले, त्याची डावी हनु भंगली आणि त्यावरून त्याचे नाव हनुमान पडले, ही रामायणातील कथा त्यांना आमच्याहून चांगली ठाऊक होती. त्याच मारुतीची स्थापना गावोगाव करणाऱ्या समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. ते आमच्या गृहस्थांना मुखोद्गत. हनु आणि मन यांची नीट ओळख असलेला मनुष्य एका परक्या विशेषणाने घाबरावा, याचे त्यांनाच हसू आले. आम्ही चिठ्ठीवर त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने 'हनुवटीचा मज्जातंतू' असे लिहून दिले. ती खिशात घालून ते उठले. तीन महिन्यांनी भेटले तेव्हा ओठाला मुंग्या येत असल्याचे सांगत होते. दंतवैद्याच्या मते ते सुचिन्ह होते.